पिवळा मळवट

फार पूर्वी, हळदीच्या मळ्यांनी वेढलेल्या एका गावात कुंकू करणारं एक घर होतं. सासू-सासरे, मुलगा आणि सून. देवीच्या जत्रेत देवीचा मळवट आधी याच घरच्या कुंकवानं भरायचा आणि मगच गावातल्या बायका ते आपल्या कपाळी लावायच्या.

त्या घराची एक रीत होती. जिच्या हातचं कुंकू, तिनं ते आधी स्वतःच्या कपाळाला लावून बघायचं. सकाळी लावायचं, दुपारपर्यंत ठेवायचं. कपाळ गार राहिलं, तरच कुंकू परडीत भरायचं.

त्या वर्षी सासूचा हात मोडला. ती म्हणाली, "सूनबाई, यंदाचं कुंकू तुझ्या हातचं."

सुनेला आनंद झाला, आणि धाकधूकही वाटली. तिनं हळकुंडं लिंबाच्या रसात सवागी, म्हणजे टाकणखार, घालून भिजवली आणि सावलीत वाळत घातली. पण आभाळ भरून राहिलं. हळकुंडं नीट वाळली नाहीत, रंग धरला नाही. कुटून पाहिलं तर कुंकू विटेसारखं फिकं. जत्रा तर तोंडावर आलेली.

तिला आठवलं, हळदीला चुना लागला की ती लाल होते. तिनं चिमूटभर चुना घातला. लाली चढली. आणखी घातला. आणखी चढली. शेवटी कुंकू गुंजेसारखं लालबुंद झालं.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं ते कपाळाला लावलं. थोड्या वेळानं कपाळावर मुंग्या आल्यासारखं झालं. दुपारी आग होऊ लागली. तिनं कुंकू पुसून घंगाळातल्या पाण्यात पाहिलं, तर खालची कातडी भाजून निघालेली!

इतक्यात नवरा आला. सुपातल्या कुंकवाकडे बघून म्हणाला, "वा! असा रंग आईच्याही हातून उतरला नव्हता."

"अहो, पण कपाळ भाजतंय."

"तुझी कातडीच नाजूक! माहेरी लोण्यात वाढलीस ना. उद्या जत्रा आहे, रिकाम्या परड्या घेऊन जायचं का? लोक रंग बघतात, रंग."

"बघतात रंग, पण लावतात कपाळाला. त्यात लहान पोरीही असतात."

"मग आईला विचार," म्हणत तो निघून गेला.

सून सुपापाशी बसून राहिली. तिच्याशिवाय कुणाला काही कळणार नव्हतं. पदर थोडा पुढे ओढला की कपाळ झाकलं जाणार होतं. पण तिच्यानं राहवेना. ती उठली, सूप घेऊन सासूपुढे गेली आणि तिनं पदर मागे घेतला.

सासूनं कुंकवाकडे पाहिलंच नाही. तिनं कपाळ पाहिलं.

"चुना किती घातलास?"

"लाल होईपर्यंत, आत्याबाई."

"अस्सं! म्हणजे ही लाली हळदीची नव्हे, घाईची." सासूनं सुस्कारा सोडला. "लिंबं पिळ त्यात. चुन्याचा डंख आंबटानं मरतो आणि लिंबाची धारही चुन्यात बोथट होते. दोघं भिडून जे उरतं ते मिठासारखं. ते भाजत नाही. पण पोरी, ही लाली त्या चुन्याच्या जोरावर आलीय. डंख जाईल, तशी तीही जाईल."

"थोडी तरी राखता नाही यायची?"

"बेताबेतानं पिळायचं, वाळवायचं, पुन्हा लावून बघायचं, याला वेळ हवा. आपल्याकडे आजची संध्याकाळ आहे. केलंस तू, ठरवायचंही तूच."

सुनेनं लिंबं कापली. रस पडला तसं कुंकू फसफसलं. लालाचं नारिंगी झालं आणि नारिंगीचं पिवळं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबला नाही.

रात्रभर चुलीच्या उबेला वाळवून दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं ते पिवळं कपाळाच्या न भाजलेल्या बाजूला लावलं. दुपारपर्यंत कपाळ गार राहिलं, तशी ती परडी घेऊन देवळात गेली.

"अगं बाई, कुंकू आणलंस की भाजीतली हळद?" कुणीतरी म्हणालं आणि बायका फिदीफिदी हसल्या. मळवट भरायला उभी असलेली गुरवीण थाळी घेऊन थबकली.

सुनेची मान खाली गेली. मग तिनं ती वर केली.

"बायांनो, कुंकू लाल झालं होतं. पण चुन्यानं. माझं कपाळ बघा. ते तुमच्या कपाळी लावायला माझा हात धजावला नाही. म्हणून लाली घालवून आणलंय."

हसणं थांबलं. गुरविणीनं जवळ येऊन भाजलेल्या कातडीवरून हलकेच बोट फिरवलं. तिनं परडीतली मूठ भरली आणि देवीचं कपाळ भरून पिवळा मळवट भरला. मग वळून म्हणाली, "आता मला लाव गं, तुझ्या हातानं." तिच्यामागे बायकांची रांग लागली. लेकीबाळींना पुढे करून त्या उभ्या राहिल्या.

पुढच्या वर्षी सुनेच्या हातचं कुंकू सुरेख लाल उतरलं. तरीही त्या गावात जत्रेचा पहिला मळवट पिवळाच भरू लागले. आणि त्या घरचं कुंकू लेकीच्या कपाळी लावताना कुठल्याच आईनं पुन्हा रंग निरखून पाहिला नाही.

तात्पर्य: दुसऱ्याला पोळणारी शोभा आपल्या हातानं उतरवायला धैर्य लागतं. ज्याच्यापाशी ते असतं, त्याच्यापुढे लोक डोळे मिटून कपाळ धरतात.