दाराबाहेर कोणीच नव्हते

एकदा एक तरुण कर्करोगतज्ज्ञ भर दुपारी आपल्या वृद्ध गुरूंच्या घरी आला. आला तो तणतणतच. गुरूंनी खुर्ची पुढे केली तरी बसेना.

"सर, भिवाजी गुरवांनी माझ्या तोंडाला पाने पुसली!"

भिवाजी देवळात सनई वाजवीत. वर्षानुवर्षांच्या तंबाखूने त्यांच्या जिभेला कर्करोग झाला. तंबाखू सोडल्याची शपथ त्यांनी सनईवर हात ठेवून घेतली होती. पेशीच्या आवरणावर वाढीचा निरोप झेलणाऱ्या रचना असतात. त्या अडवून धरणारे औषध शिष्याने सुरू केले. तरीही गाठ वाढली.

"म्हणजे चोरून खातात! मुलाला सांगितलंय, खिसे तपासा, गादी उसवा. बायकोनं त्यांच्याशी अबोला धरलाय. सनईसुद्धा काढून घेतली घरच्यांनी."

"आणि ते काय म्हणतात?"

"त्यांना काय विचारायचं? गाठ वाढलीय, तीच सांगते सगळं."

गुरू उठले, दाराशी बराच वेळ काहीतरी खुडबुड करून, दार लावून परतले. येताना विजेचा मुख्य खटका वर केला. तेवढ्यात बेल वाजू लागली, ती थांबेचना. शिष्याने धावत जाऊन दार उघडले. कोणी नाही. जिन्यात डोकावला, गच्चीपर्यंत जाऊन आला. आधीच डोके तापलेले, त्यात हा कर्कश आवाज.

"कोणीतरी खोडी काढतंय, सर!" शिकलेल्या माणसाला संशय घ्यायला फार वेळ लागत नाही.

गुरूंनी मूठ उघडली. बेलचे बटण त्यांच्या तळहातावर होते.

"आतल्या तारा मीच एकमेकींना पिळून ठेवल्यात. आता बाहेर कोणी नसलं तरी ती वाजणारच. तुझं औषध बटण अडवून बसलंय. पण पेशीच्या आत निरोप पुढं नेणारी एखादी कडी बिघडून चालूच राहिली असेल, तर बाहेरून कोणी न सांगताही पेशी वाढत सुटते. गाठीचा तुकडा तपासायचा सोडून तू माणसाचे खिसे तपासलेस."

शिष्य आता कुठे खुर्चीत बसला. "पण सर, खरंच खात असतील तर?"

"असतीलही. पण तू विचारलंस कुठं? तू तर निकालच दिलास."

गुरूंनी तारा सोडवल्या. शिष्याला मात्र चैन पडेना. तो तडक गुरवांच्या घरी गेला. तपासणीचे नंतर बोलला, आधी सगळ्यांसमोर म्हणाला, "चूक माझी झाली. पुरावा नसताना मी आळ घेतला. त्यांची सनई आणा."

भिवाजींना ती आता फुंकता येत नव्हती. त्यांनी ती मांडीवर घेतली. बायको उंबऱ्यात उभी होती. ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "अहो, पेज गरम करून आणू?"