ओळखीचा आवाज

एका शहरात जुन्या विज्ञानपटांचा व्यासंग असलेले एक वृद्ध अध्यापक होते. त्यांच्या शाल्मली नावाच्या शिष्येकडे त्यांनी एका दुर्मीळ चित्रपटाची एकमेव उरलेली प्रत सांभाळायला दिली होती.

एके सकाळी तिला सरांचा फोन आला. नंबर अनोळखी होता, पण आवाज सरांचाच, मधला खोकलासुद्धा. प्रकृती बरी नाही, माणूस पाठवतो आहे, रिळांचा डबा त्याच्याकडे दे, असे त्यांनी सांगितले. तिने दिला.

दोन दिवसांनी सरांनी डबा मागितला, तेव्हा उलगडा झाला. सरांनी फोन केलाच नव्हता. त्यांच्या व्याख्यानांच्या ध्वनिफितींवरून कोणीतरी यंत्राकडून तो आवाज घडवून घेतला होता. पोलिसांत तक्रार झाली. डबा मात्र मिळाला नाही.

सर रागावले नाहीत. त्यांनी तिला बसवून एक जुना चित्रपट लावला. त्यात एक यंत्रमानव गावच्या वैद्याचे रूप घेतो आणि लोक मुकाट्याने त्याचे विषारी औषध पितात. तोच प्रसंग सरांनी पुन्हा लावला, मग तिसऱ्यांदा. शाल्मली त्या चेहऱ्यात, त्या बोलण्यात खोट शोधत राहिली. तिला एकही सापडेना. सर आपल्याला शिकवताहेत की शिक्षा करताहेत, हेही तिला कळेना.

"यंत्राकडे पाहू नकोस," सर म्हणाले. "रांगेतल्या म्हातारीकडे पाहा."

तिने पाहिले. औषध हातात घेताना म्हातारी थबकते, वैद्याकडे पाहते, काही विचारू जाते आणि संकोचाने मान खाली घालते.

"तुलाही शंका आली होती?" सरांनी विचारले.

शाल्मली म्हणाली, "आली होती, सर. तुम्ही कधी परक्या माणसाला पाठवत नाही. पण 'तुम्हीच बोलताय ना' असं तुम्हाला कसं विचारणार?"

सरांनी चित्रपट बंद केला. "हुबेहूब नक्कल आज ना उद्या कोणीही करील. तिला आत यायला वाट मिळते ती या संकोचातून. आणि तुझा संकोच माझ्या धाकातून आला. इतकी वर्षं मला उलट विचारलेलं मी कोणाचं खपवून घेतलं नाही. त्याला मी आदर समजत होतो. ज्याला विचारता येत नाही, त्याच्यावर विश्वास टाकता येत नाही. त्याचं फक्त ऐकता येतं."

पुढच्या महिन्यात सरांनी एक पुस्तक मागवायला फोन केला. शाल्मली चाचरत म्हणाली, "सर, मी फोन ठेवते आणि तुमच्या घरच्या नंबरावर करते. चालेल?"

उद्धटपणा तर झाला नाही ना, अशी धास्ती तिला वाटली.

"कर," सर म्हणाले. "मी फोनपाशीच बसतो."