खराड्यांच्या कारखान्यात नसलेला भाग

आप्पासाहेब खराड्यांना शर्वाणी कासारची कंपनी हवी होती, आणि आप्पासाहेबांना एखादी कंपनी हवीशी वाटली की ती थोड्याच दिवसांत त्यांची होत असे. सायकलच्या साखळ्या आणि ब्रेक बनवता बनवता त्यांनी याच धंद्यातल्या लहान कंपन्या गिळायला सुरुवात केली होती. सीटवाली घेतली, दिवेवाली घेतली, सायकलस्वारांना रस्ता दाखवणारं अ‍ॅप बनवणारी दोन पोरं होती, त्यांचीही घेतली. घेतलेल्या कंपनीच्या मालकाला ते कोल्हापूरच्या आपल्या कारखान्यात सल्लागार म्हणून बसवत. त्याला स्वतंत्र खोली मिळे, दारावर पितळी पाटी मिळे, फक्त सल्ला कुणी विचारत नसे. कामगारांना तर पाटीही मिळत नसे, ते थेट घरी.

शर्वाणीची कंपनी म्हणजे कुपवाडच्या एमआयडीसीतली एक पत्र्याची शेड. तिथं ती आणि तिचे आठ-दहा कामगार पायडलच्या दांड्यात बसणारं बोटभर यंत्र बनवत. सायकल मारताना कोणत्या पायाचा जोर किती पडतो, ते हे यंत्र सांगायचं. शर्यतीत उतरणारी पोरं त्याच्यासाठी महिनोन्महिने थांबायला तयार असत.

आप्पासाहेबांनी तिला कोल्हापुरास बोलावलं, चहा पाजला आणि कंपनी मागितली. ती नाही म्हणाली. ते मुळीच रागावले नाहीत. तिला दांडे पुरवणारा सांगलीचा कारखाना आपण मागच्याच आठवड्यात घेतल्याचं त्यांनी सहज कानावर घातलं. शर्वाणीच्या हातातला चहा तसाच राहिला. दांडेच आले नाहीत तर यंत्र बसवायचं कशात?

"मी कुणावर जुलूम करत नाही," आप्पासाहेब म्हणाले, आणि शेजारी बसलेल्या नाडकर्णी मॅनेजरांनी मान डोलावली. "तुला एक संधी देतो. ज्याच्यावाचून कुठलीच सायकल चालत नाही असा एक भाग मला आणून दाखव. पण तो माझ्या कारखान्यात बनत नसला पाहिजे, आणि मला विकतही घेता येता कामा नये. आणलास तर दांडे कायम मिळतील. नाही जमलं तर सोमवारी सही."

शेडमध्ये सगळे डोकं धरून बसले. लेथवर काम करणारे दस्तगीरचाचा सगळ्यांत जुने. त्यांना सुचली हवा. चाकात हवा नसेल तर सायकल कुठली चालते? शर्वाणीनं हर्षानं नाडकर्णींना फोन लावला. त्यांनी फार खेदानं कळवलं, की पंप बनवणारी कंपनी कालच आपल्याकडे आली, तेव्हा हवाही आपलीच धरावी लागेल. आणखी कुणी रस्ता सुचवला, पण रस्त्याला सायकलचा भाग कोण म्हणणार? मग दस्तगीरचाचा उठले आणि आधीच लख्ख असलेला लेथ पुन्हा पुसू लागले.

सोमवारी ती रिकाम्या हातानं कोल्हापुरास गेली. आप्पासाहेब कामात होते म्हणून तिला पाहुण्यांच्या दालनात बसवलं. तिथल्या भिंती आप्पासाहेबांच्या फोटोंनी भरल्या होत्या. सायकलला हार घालताना आप्पासाहेब, विजेत्याच्या सायकलवर हात ठेवून आप्पासाहेब, मंत्र्यांना सायकल दाखवताना आप्पासाहेब. शर्वाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेली, मग परत फिरून पुन्हा बघत आली. एकाही फोटोत आप्पासाहेब सायकलवर बसलेले नव्हते.

ती तशीच फाटकावर गेली, वॉचमनची सायकल मागून आणली आणि वर निरोप धाडला, की भाग आणलाय, पण जिना चढवता येत नाही, आपणच खाली यावं.

आप्पासाहेब आले. मागून फायली घेऊन नाडकर्णी आले, आणि वरच्या खिडक्यांत माणसं जमली. आप्पासाहेबांनी सायकलभोवती एक फेरी मारली. साखळी माझी, ब्रेक माझे, सीट माझी, दिवा माझा, असं म्हणत त्यांनी एकेका भागावर बोट ठेवलं आणि नवा भाग कुठे आहे म्हणून विचारलं.

"तो अजून बसवलेला नाही," शर्वाणी म्हणाली. "माणूस वर बसला की आपोआप बसतो. आपण बसून बघा."

आप्पासाहेबांनी एकदा खिडक्यांकडे पाहिलं. नाही म्हणावं तर सगळ्या कारखान्यासमोर हार, म्हणून ते बसले. शर्वाणीनं मागून सीट घट्ट धरली. त्यांनी दोन्ही पाय पायडलवर ठेवले मात्र, सायकल डावीकडे झुकली, मग उजवीकडे झुकली.

"सोडू का?" तिनं विचारलं.

"सोडू नकोस," आप्पासाहेब इतक्या हळू म्हणाले, की नाडकर्णींना ऐकू गेलं नाही.

"हाच तो भाग. तोल. तुमच्या कारखान्यात तो बनत नाही."

आप्पासाहेबांचे कान लाल झाले, पण जन्माची सवय सुटेना. हँडल कवटाळूनच त्यांनी विचारलं, "काय घेशील त्याचे?"

"तुम्ही द्याल ते," शर्वाणी म्हणाली. "विकायला माझी काही हरकत नाही. माल आत्ता माझ्या हातात आहे. हा घ्या, ताबा दिला." आणि तिनं सीटवरचा एक हात काढला.

सायकल कलली. आप्पासाहेबांनी धडपडत शेजारच्या नाडकर्णींची मान पकडली, आणि सायकल, फायली आणि मॅनेजर यांच्यासकट ते अंगणात बसले. वरच्या खिडक्यांत श्वास रोखले गेले. आप्पासाहेब आधी पोटात हसले, मग खांदे गदगदू लागले, आणि शेवटी डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते मोठमोठ्यानं हसत राहिले. इतकं हसताना त्यांना कारखान्यात कुणीच पाहिलं नव्हतं.

"दांडे कशाला देऊ हिला?" ते डोळे पुसत म्हणाले. "दांड्यांचा कारखानाच हिच्या नावावर करा."

नाडकर्णी धूळ झटकत उठले. कंपनी घेण्याचे कागद त्यांना तोंडपाठ होते. देण्याचे कसे करतात, ते त्यांना दुसऱ्या दिवशी वकिलाला विचारावं लागलं.