शंखकर्ण खंदकापाशी थांबला

फार पूर्वी धवलपूर नगरात विजितसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्याच पागेत एका सैंधव घोडीच्या पोटी जन्माला आले. अंगाने करडा, पण एक कान शंखासारखा पांढरा, म्हणून त्या शिंगराचे नाव शंखकर्ण पडले. तो कधी कुणाला चावला नाही, कुणावर लाथ उगारली नाही. शेजारच्या म्हाताऱ्या घोड्याची चंदी संपली, की आपल्या पुढ्यातली तो थोबाडाने त्याच्याकडे सरकवी. मोतद्दार म्हणत, हा कुणी साधूच असावा, वाट चुकून पागेत आलेला. आपले म्हणणे किती खरे आहे, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हते.

त्या नगराची एक रीत होती. सीमेवर एक रुंद खंदक होता. त्याच्या तळाशी नुसते दगड होते आणि पलीकडच्या काठावर सीमेच्या यक्षाचे ठाणे होते. जो कुणी गादीचा वारस ठरे, त्याने आश्विन पौर्णिमेला नगरातल्या विहिरीचे पाणी मातीच्या वाडग्यात घ्यायचे, घोड्यावरून खंदक ओलांडायचा आणि ते पाणी यक्षाला वाहायचे. एका हातात वाडगा, दुसऱ्या हातात लगाम. घोडा खंदकाशी अडला, तर तो अशुभ ठरे आणि तिथल्याच खांबाला बांधून त्याचा बळी दिला जाई. ही रीत कुणी घातली ते कुणाला आठवत नव्हते, त्यामुळे ती मोडावी कशी हेही कुणाला सुचत नव्हते.

विजितसेनाला मुलगा नव्हता. अंशुमती ही त्याची एकुलती एक मुलगी, आणि वारस म्हणून तीच खंदक ओलांडणार होती. तिला घोड्यावरची उडी शिकवण्याचे काम अश्वाचार्य हारीत याच्याकडे आले आणि घोडा म्हणून निवड झाली शंखकर्णाची.

हारीत माणूस वाईट नव्हता. घोड्याच्या नुसत्या टापा ऐकून तो कोणत्या पायाने लंगडतो हे सांगे. पण त्याच्या मिशांना पीळ जरा जास्तच होता. पागेत नवा शिकाऊ आला, की त्याला लांब दोरी लावलेल्या घोड्यावर बसवत. लगाम नाही, रिकीब नाही. मध्ये उभा राहून एकजण दोरी धरी आणि घोडा गोल फिरत राही. मांड पक्की बसेपर्यंत त्या पोराच्या नशिबी दुसरे काही नसे. राजघराण्यातल्या माणसाला मात्र दोरीवर कधीच घेत नसत. वासराला दाव्याने फिरवावे तसे राजपुत्राला फिरवायचे म्हणजे त्याचा अपमानच. शिवाय, जे सिंहासनावर बसायलाच जन्मले त्यांना बसायला काय शिकवायचे, असे हारीताचे आजोबा म्हणत, वडील म्हणत, आणि तेच हारीतही म्हणे. म्हणून त्याने पहिल्याच दिवशी अंशुमतीच्या हातात लगाम दिला आणि तिला थेट कुंपणावरून उडी घ्यायला लावले.

मुलगी धीट होती, पण धीटपणाने मांड बसत नाही. घोडा उसळला की ती खाली जमिनीकडे पाही, तोल जाई, आणि सावरण्यासाठी तिचा हात लगामाला हिसका देई. घोड्याच्या तोंडातले लोखंडी कडियाळे काटेरी होते. प्रत्येक हिसक्याला शंखकर्णाच्या जिभेत काटा रुते. तरी तो बुजत नसे. ती डावीकडे कलंडली की तो हळूच डावीकडे सरके, उजवीकडे कलंडली की उजवीकडे, आणि तिला पुन्हा आपल्या पाठीच्या मध्यावर घेई.

"सरळ चालता येत नाही का रे तुला?" असे म्हणून हारीत त्याला चाबूक मारी.

होता होता कुंपणे पार होऊ लागली. पाहणाऱ्याला वाटे, मुलगी शिकली. वास्तविक ती दर उडीला पडत होती आणि घोडा तिला दर उडीला झेलत होता. आयुष्य घोड्यांत गेलेल्या हारीतालाही ते दिसले नाही, कारण जे दिसत होते ते त्याला हवेच होते.

"हारीत, पोरीची तयारी झाली ना?" राजाने विचारले.

"महाराज, डोळे मिटून पाठवा," हारीत म्हणाला.

घोडामैदान जवळच होते. आश्विन पौर्णिमा उजाडली. सारे नगर सीमेवर लोटले. अंशुमती वाडगा हातात धरून निघाली, शंखकर्णाने भरधाव वेग घेतला, टापांनी जमीन घुमू लागली, आणि अगदी काठावर येऊन तो थांबला. तोही असा, की मागचे पाय मुडपून, पाठ खाली झुकवून; वरच्या मुलीला धक्का बसला, पण ती पडली नाही. लोकांत कुजबुज सुरू झाली. हारीताने घोडा मागे फिरवून पुन्हा सोडला. तो पुन्हा तसाच थांबला. मग हारीताने चाबूक उचलला. करड्या अंगावर वळ उठले, पण शंखकर्ण झाडासारखा उभा राहिला.

राजाने मान खाली घातली. रीत ती रीत. पुजारी सुरा घेऊन खांबापाशी गेला. अंशुमती घोड्यावरून उतरली आणि त्याच्या गळ्यात हात घालून रडू लागली. "बाबा, चूक माझी असेल, त्याची नाही," ती म्हणत होती, पण गर्दीच्या कोलाहलात तिचे ऐकतो कोण?

बळीचा घोडा मोकळ्या अंगाने द्यावा लागे, म्हणून खोगीर आणि लगाम उतरवायला हारीत पुढे झाला. त्याने कडियाळे बाहेर ओढले, आणि त्याचा हात तिथेच राहिला. घोड्याची जीभ कडेकडेने फाटली होती. काही जखमा जुन्या होत्या, काही कालच्या. हे तोंड इतके दिवस त्याच्यासमोर होते, पण ते उघडून पाहण्याचे काम मोतद्दारांचे, असे म्हणून त्याने कधी आत पाहिले नव्हते. आणि एवढे सोसून हा घोडा कुंपणे ओलांडत होता? मग आज कशाला भ्याला?

तेवढ्यात शंखकर्णाने मान झटकली आणि तो सुटला.

"पळाला! धरा, धरा!" असा एकच ओरडा झाला. पण तो नगराकडे पळाला नाही, रानाकडेही नाही. तो सरळ खंदकावर गेला. पाठीवर कुणी नाही, तोंडात काही नाही. काठ आला तशी त्याने मान लांबवली आणि झेप घेतली. आयाळ वाऱ्यावर पसरली. खालचे दगड, वरचे आकाश आणि मध्ये तो करडा देह, असे क्षणभर दिसले. मग पलीकडच्या गवतावर त्याचे खूर टेकले, तेही पान गळावे इतके अलगद. हारीताने हजारो उड्या पाहिल्या होत्या. अशी एकही पाहिली नव्हती, आणि ती पाहताना आपले डोळे भरून आले आहेत, हे त्याला नंतर कळले.

पलीकडे कुरणे होती, त्यापुढे डोंगर, आणि डोंगरात रानघोड्यांचे कळप. शंखकर्णाला अडवणारे तिथे कुणी नव्हते. तो थोडा वेळ त्या डोंगरांकडे पाहत उभा राहिला. मग वळला, पुन्हा तीच झेप घेऊन अलीकडे आला, आणि शांतपणे चालत चालत खांबापाशी जाऊन मान खाली घालून उभा राहिला.

हारीत धुळीत गुडघे टेकून बसला. "अरे, तुला येत होते," तो कसाबसा म्हणाला. "मग मघाशी का थांबलास?"

तेव्हा बोधिसत्त्व मनुष्यवाणीने बोलले. घोडा कसा बोलतो, असे कुणी विचारले नाही. ती झेप पाहिल्यावर तेवढे नवल कुणाच्या मनात शिल्लक नव्हते.

"हारीता, खंदक मला अवघड नाही. पण हिची मांड अजून बसलेली नाही. कुंपणावर ती कलंडली तर मी तिच्याखाली सरकू शकतो. या दगडांवर, अधांतरी, मी कुठे सरकणार? उडी माझी झाली असती आणि मरण हिचे."

"पण तू तर सुटला होतास," हारीत म्हणाला. "मग मरायला परत का आलास?"

"मी गेलो असतो, तर तुम्ही म्हणाला असता की भित्रा घोडा पळाला. आणि उद्या दुसरा घोडा हिला घेऊन या काठावर आला असता. तो कदाचित थांबला नसता."

विजितसेन राजा पुढे आला. त्याने पुजाऱ्याच्या हातातला सुरा घेतला आणि खंदकात टाकून दिला. मग आपला फेटा उतरवून त्याने घोड्याच्या अंगावरचे वळ पुसले. "महात्म्या," तो म्हणाला, "माझी मुलगी तू मला परत दिलीस. काय हवे ते माग."

"महाराज, हिला दोरीवर घ्या," शंखकर्ण म्हणाला.

"राजकन्येला? दोरीवर?" हारीताच्या तोंडून निघून गेले. सवय म्हणजे काय, ती मरता मरताही सुटत नाही.

अंशुमतीने डोळे पुसले. "आचार्य, घ्या मला दोरीवर. उद्या सकाळपासूनच."

"आणि त्याआधी," शंखकर्ण म्हणाला, "हारीता, तू बैस."

मिशांना पीळ भरणारा अश्वाचार्य दुसऱ्या दिवशी सकाळी लगामाशिवाय, रिकिबीशिवाय शंखकर्णाच्या पाठीवर चढला, आणि दोरी धरली अंशुमतीने. लहानपणी शिकलेली मांड चाबकाच्या भरवशावर कधी सैल झाली, हे त्याला कळलेच नव्हते. घोड्याने दुडकी चाल धरली मात्र, आणि हारीत सगळ्या मोतद्दारांदेखत धुळीत बसला. शंखकर्ण थांबला, वळला, आणि त्याचा खांदा हुंगत उभा राहिला. त्या नजरेत चेष्टा नव्हती, राग नव्हता. चूक करणाऱ्याकडे असेही पाहता येते, हे हारीताला त्या वयात प्रथमच समजले. तो उठला, कपडे झटकले आणि पुन्हा चढला.

मग अंशुमतीची पाळी आली, आणि ती पाळी पावसाळा येऊन जाईपर्यंत चालली. आधी नुसते चालणे. हात पसरून, डोळे मिटून, घोड्याचा कोणता पाय उचलला गेला ते पाठीवरूनच ओळखायचे. मग दुडकी. मग सरळ रेषेत जाऊन नुसत्या श्वासावर थांबणे. मग हातात पाण्याचा वाडगा घेऊन हेच सारे पुन्हा. तिचा तोल गेला की शंखकर्ण आता सरकत नसे; तो थांबे. ती नीट बसली की पुढे चाले. आधी ती चिडे, मग रडे, आणि मग हळूहळू ऐकू लागली. लगाम आला तो साध्या सुताचा, काट्यांशिवाय. जमिनीवर बांबू मांडले, मग ते खुरांइतके उचलले, मग गुडघ्याइतके. ती बांबूकडे पाही तोवर घोडा त्याच्याजवळ जाऊन उभा राही. तिने पलीकडच्या वडाकडे पाहिले की तो झेपावे.

"हात द्या, राजकन्ये," हारीत रिंगणातून सांगे. "त्याची मान पुढे जाते तेव्हा तुमचाही हात पुढे जाऊ द्या. जे त्याचे आहे ते त्याला द्या." पूर्वी हाच माणूस 'ओढा, ओढा' म्हणून ओरडे. त्याचा आवाजही आता खाली आला होता, आणि पागेतली इतर घोडी त्याला पाहून कान मागे टाकीनाशी झाली होती.

पुन्हा आश्विन पौर्णिमा आली. तोच काठ, तेच दगड, तीच गर्दी. फक्त खांब राजाने उपटून टाकला होता. अंशुमती निघाली. काठ जवळ आला. घोडा थांबेल का, एवढेच हारीत पाहत होता. शंखकर्णाचा पांढरा कान क्षणभर मागे, मुलीकडे वळला, जणू काही विचारून घेतले, आणि पुन्हा पुढे झाला. अंशुमतीची नजर पलीकडच्या ठाण्यावर होती. तिचा हात मानेबरोबर पुढे गेला. दोघे मिळून असे उचलले गेले, की कुणी कुणाला नेले ते सांगता येऊ नये. खूर टेकले तेव्हा वाडग्यातले थोडेसेच पाणी हिंदकळले आणि आयाळीवर सांडले.

लोकांनी जयघोष केला. हारीत ओरडला नाही. त्याने हात जोडले होते, आणि ते कितीतरी वेळ तसेच राहिले. त्याच संध्याकाळी पागेतली सगळी काटेरी कडियाळी त्याने स्वतः खंदकात नेऊन टाकली. पुढे अंशुमतीने पुष्कळ वर्षे राज्य केले, आणि धवलपुरात राजपुत्रापासून मोतद्दाराच्या पोरापर्यंत सगळे दोरीवरच शिकू लागले.

ही गोष्ट भगवान शास्ता आपल्या शिष्यांना सांगत होते. विहारात संध्याकाळ झाली होती. समोर ज्येष्ठ भिक्षू, स्थविर धम्मिल बसला होता. नव्या भिक्षुणींना स्वस्थ बसायला शिकवण्याआधीच तो त्यांच्याकडून ध्यानाच्या वरच्या पायऱ्या घोकून घेई, आणि कुणी डगमगले की ओरडे. त्या दिवशी सकाळी भिक्षुणी सोमदत्ता 'मला हे जमायचे नाही' म्हणून विहार सोडून निघाली होती, आणि दाराशी तिला शास्त्यांनीच थांबवले होते.

शास्ता म्हणाले, "तेव्हाचा राजा विजितसेन म्हणजे या विहाराला जागा देणारा श्रेष्ठी नंदिवर्धन. राजकन्या अंशुमती म्हणजे ही सोमदत्ता. शंखकर्ण मीच होतो. आणि अश्वाचार्य हारीत कोण, ते मी सांगत नाही. त्याला कळले आहे."

धम्मिल उठला. पुढच्या आसनावरून तो सर्वांत मागे, नवशिक्यांच्या ओळीत गेला. सोमदत्तेकडे वळून तो म्हणाला, "भगिनी, चल, आपण आधी नुसते बसायला शिकू." आणि पाठ सरळ करून तो खाली बसला.

शिकणाऱ्याची मांड बसेपर्यंत खंदकाच्या अलीकडे थांबून राहणे, आणि त्यासाठी फटके खावे लागले तरी ते रागावाचून खाणे, याला क्षांती म्हणतात. ही कथा त्या क्षांतीची आहे.