अकराव्या ओळीचा पाढा

फार जुन्या काळची गोष्ट आहे. नदीवर अजून पूल नव्हता, आणि पलीकडच्या गावाला जायचे तर नावेतून जावे लागे. अलीकडच्या काठावर एक लहान गाव होते. तिथली शाळा जांभळाच्या झाडाखाली भरे.

शाळेचे गुरुजी गोड गळ्याचे होते. त्यांनी पाढ्यांना चाल लावली होती. मुले झुलत झुलत पाढे म्हणू लागली की विहिरीवरच्या बायका रहाट थांबवून ऐकत. गावाला या पाढ्यांचा मोठा अभिमान. देवीच्या उत्सवात पंगतीच्या आधी मुलांनी देवळासमोर पाढे म्हणायचे, अशी रीतच होती. ज्याचा पाढा मध्येच अडे, त्याची शाळा तिथे संपे. 'पाढा अडला, पाटी सुटली,' असे गाव म्हणे, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे.

कुंभाराची वेणू अजून उत्सवात उभी राहिली नव्हती, पण शाळेत ती नेहमी अडायची. तिला शाळा फार आवडे, पण सात दुणे चौदा आले की ती थांबे.

"गुरुजी, चौदा काय?"

"चौदा म्हणजे चौदा," गुरुजी म्हणत.

"हो, पण चौदा काय?"

मुले हसत. पाटलांचा नातू भिवा सगळ्यांत सुरेल म्हणायचा. तो म्हणे, "हिला चौदा लाडू द्या गुरुजी, म्हणजे पुढचं म्हणेल."

गुरुजी रागावत नसत. "आधी पाठ कर बाळ, अर्थ मागून येतो," एवढेच सांगत.

उत्सव जवळ आला तेव्हा गुरुजी पणत्या सांगायला कुंभाराच्या अंगणात गेले. वेणू ओल्या पणत्या फळ्यांवर वाळत मांडत होती. एका फळीवर सातच मावत. फळी भरली की ती खाली दुसरी फळी ठेवी.

"किती झाल्या गं?" गुरुजींनी सहज विचारले.

"अठ्ठावीस."

"मोजल्यास कधी?"

"मोजायचं काय त्यात? तीन फळ्यांच्या एकवीस होत्या, आता आणखी सात आल्या."

गुरुजी खाली बसले. मग पहिल्या फळीवर बोट ठेवून हळूच म्हणाले, "सात एके सात."

दुसऱ्या फळीवर बोट गेले. वेणूच्या तोंडून आपोआप निघाले, "सात दुणे चौदा." आणि ती हसली. "चौदा पणत्या. असं होय!"

"तुला पाढा येतो, वेणू. मीच तो तुला दाखवला नव्हता," गुरुजी म्हणाले.

पण चाल काही एवढ्यात तोंडी बसणार नव्हती. उत्सवाच्या दिवशी साऱ्या गावासमोर वेणू उभी राहिली. चालीकडे लक्ष दिले तर फळ्या दिसेनात, फळ्यांकडे पाहिले तर चाल सुटे. ती अडली.

कुंभाराने मान खाली घातली. "ठेव पाटी, बाय," तो म्हणाला. "उद्यापासून माती मळायला ये." वेणूने पाटी पायरीवर ठेवली.

तेवढ्यात घाटावर नावा लागल्या. पलीकडचे गाव त्या वर्षी प्रथमच जेवायला आले होते. देवळाच्या अंगणात एका ओळीत सात माणसे बसत, आणि पंगत कधी दहा ओळींपुढे गेली नव्हती. म्हणून तर गावाचा पाढाही दहावर थांबे. आज बारा ओळी भरल्या.

आता पंचाईत झाली. कोठीतून काढलेली पत्रावळ पुन्हा आत न्यायची नाही, आणि रिकामी मांडायची नाही, असा देवीचा दंडक होता. कमी पडली तर पाहुणा ताटकळणार. पाटील म्हणाले, "भिवा, सांग रे, सातासातांच्या बारा ओळी. किती काढू?"

भिवाने गोड आवाजात सुरुवात केली. सात दाहे सत्तरपर्यंत तो झोकात आला आणि त्याच चालीत पुढे म्हणाला, "आठ एके आठ."

"अरे, आठाचं कुणी विचारलंय?" एक म्हातारी म्हणाली. भिवा गोंधळला. त्याने पुन्हा पहिल्यापासून म्हटले, आणि पुन्हा सत्तरावर येऊन थांबला.

गुरुजींनी वेणूकडे पाहिले. "बाळ, या फळ्याच समज."

वेणूने ओळींवरून नजर फिरवली. "दहा ओळींच्या सत्तर. पुढं दोन ओळी राहिल्या. सात दुणे चौदा." ती थांबली, पण या वेळी अडली नव्हती. "चौदा पत्रावळी. सगळ्या मिळून चौऱ्याऐंशी."

तेवढ्याच काढल्या. शेवटची पत्रावळ शेवटच्या पाहुण्यापुढे मांडली गेली. एकही उरली नाही, एकही कमी पडली नाही.

भिवा वेणूजवळ सरकला. "आणि तेरावी ओळ आली असती तर?"

"आणखी सात. बस आणि बघ," ती म्हणाली, आणि अंगणात पडलेले चिंचोके सातासातांच्या ओळींत मांडू लागली.

कुंभाराने पायरीवरची पाटी उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि लेकीच्या हातात दिली. गावाने ती जुनी म्हण पुन्हा कधी उच्चारली नाही. त्या वर्षापासून जांभळाखाली आधी चिंचोक्यांच्या ओळी मांडल्या जाऊ लागल्या, आणि चाल त्यानंतर येऊ लागली. कुणी 'चौदा काय?' असे विचारले, तर गुरुजी त्याला पुढे बोलावून घेत.

तात्पर्य : पाठ केलेले जिथे संपते, तिथून पुढे समजलेलेच आपल्याला नेते.