खाचेतला तांदूळ

कॉम्प्युटरचे भाग आपसांत बोलत, त्या काळची ही गोष्ट. यशोधनने घरीच नवा कॉम्प्युटर जोडला. रॅमची पट्टी तेवढी मुहूर्तावर बसवायची ठेवली होती. आईने आत हळदकुंकू, अक्षता वाहिल्या. त्याने पट्टी बसवून बटण दाबलं, पण काहीच झालं नाही.

आत सगळ्या भागांना धास्ती पडली, आता कुणाला काढून टाकणार?

"माझ्या खाचेत तांदूळ अडकलाय," पट्टी कुजबुजली. "मी नीट बसलेच नाहीये."

"गप्प!" पंखा म्हणाला. "पूजेच्या दाण्याला नावं ठेवलीस, तर आधी तुलाच उपटून फेकतील."



"पॉवर सप्लायच गेलाय," म्हणत यशोधनने तो काढला.

"अहो, मी धडधाकट आहे! कुणीतरी सांगा ना!" तो ओरडत राहिला. कुणी हूं की चूं केलं नाही. तो भंगारात गेला.

नवा पॉवर सप्लाय आला, तरी अंधारच. मग यशोधनने पट्टी उपसली आणि तांदूळ टेबलावर पडला. आईने तो उचलून देव्हाऱ्यात ठेवला. पट्टी पुन्हा बसली आणि पडदा उजळला.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात नव्या पॉवर सप्लायने दबकत विचारलं, "माझ्या आधी इथे कोण होतं?"

पंखा एकदम जोरात फिरू लागला.