नथवालीचा श्वास

एक होतं तळं. तळ्याकाठी एकच आळी, आणि त्या आळीत राहायची बयजाकाकू. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, हे तिला झाकण न उघडता कळायचं बरं का! एके सकाळी ती कुंपणाशी शेंगा तोडत होती. पलीकडून दोघीजणी बोलत चालल्या होत्या. एक म्हणाली, "तळ्याला नजर लावणारी बाई आपल्याच आळीतली म्हणे. नाव ऐकशील तर..." आणि नेमकी म्हैस हंबरली! नाव राहिलं की हो तिकडंच.

त्या दिवशी काकूला भाकरी गोड लागेना.

त्याचं असं होतं, तळ्यात राहायची एक म्हातारी मासोळी. आळीतल्या पणज्यांनी तिला सोन्याची नथ घातली होती, म्हणून तिचं नाव नथवाली. काकूला ना मूल ना बाळ. रोज सकाळी पायरीवर बसून ती नथवालीला आळीभरच्या बातम्या सांगायची. पण महिना झाला, नथवाली आजारी. अंगावर कापसासारखी बुरशी, कल्ले फिके, तोंड पाण्यावर काढून नुसत्या धापा. बाकीचे मासे तर उलटे तरंगायला लागले होते.

"ही गेली तर मी बोलू कुणाशी गं?" काकू डोळ्यांना पदर लावायची.

मग तिनं ठरवलं, नजर लावणारीला हुडकायचंच.

पहिल्या दिवशी गेली हौसा रंगारणीकडं. हौसा उरलेल्या रंगाची कढई तळ्यात उपडी करत होती. पाणी जांभळंशार! "का गं, तू लावलीस नजर?"

"मी? अहो काकू, चुलीपुढनं मान वर करायला फुरसत नाही, नजर लावू कधी?"

दुसऱ्या दिवशी गेली कोंडाबाईकडं. ती काठावर गोधड्या आपटत होती. साबणसोड्याचा फेस पार तळ्याच्या मधोमध. "कोंडे, खरं सांग, तुझी तर नजर नाही ना?"

"माझी? मला सुईत दोरा ओवता येईना, आणि म्हणे नजर!"

मग उजाडला तिसरा दिवस. त्या आळीत रीतच होती, तळं रुसलं की त्याची ओटी भरायची. काकूची ओटी सगळ्यांत मोठी. तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू आणि वर तांब्याभर दूध. पंधरा दिवस ती रोज हे सगळं तळ्यात सोडत होती, आणि नथवालीची धाप रोज वाढतच होती. त्या सकाळीही काकूनं तांब्या कलता केला, तोच खालून आवाज आला, "बयजे, पुरे!"

काकू पडता पडता वाचली. "अगं, तू बोलतेस?"

"तू कधी बोलू दिलंस तर ना!" नथवाली म्हणाली. "ऐक. रंगानं माझ्या घरात अंधार झाला. साबणानं कल्ले पोळले. तेही सोसलं असतं. पण तुझं दूध नासतं, तांदूळ कुजतात, आणि कुजता कुजता पाण्यातला श्वास पिऊन टाकतात. आम्हाला काही उरतच नाही गं."

"मी तर मायेनं देत होते."

"ठाऊक आहे. म्हणून तर इतके दिवस गप्प होते."

मग काय! काकू धावत सुटली. दुसऱ्यांच्या बातम्या सांगणारी काकू आळीच्या मधोमध उभी राहून आपलीच बातमी सांगू लागली. "मासे मी मारले गं! मी, आणि हौसानं, आणि कोंडानं!"

हातातली कामं टाकून सगळ्या गोळा झाल्या. मग हौसाच म्हणाली, "काकू, रडू नका. टोपल्या आणा." साऱ्या आळीनं कुजकं ओढून काढलं. हौसानं रंगासाठी लांब माळावर खड्डा खणला. कोंडाबाईनं आपला धुण्याचा दगड तळ्यापासून दूर नेला. आणि ओटी? ती पायरीवरच भरायची, अन् नारळ पोरांनी खायचा. पोरं तर म्हणाली, तळं रोज रुसू दे!

हळूहळू पाणी निवळलं. बुरशी गळली, कल्ले लालचुटूक झाले. एके सकाळी नथवालीनं अशी उडी मारली, की काकूचं लुगडं भिजलं!

मग कुंपणापलीकडचं बोलणं खरं होतं का? बाई आळीतली होती, एवढं खरं. पण नजर कुणाचीच नव्हती, आणि बाई काही एकटी नव्हती.

पुढं मासे पोटभर श्वास घेऊन सुखानं राहिले, आळीही सुखानं राहिली. काकू अजून बोलते, पण मधूनमधून थांबते, नथवालीलाही बोलू देते. चला, आता तुम्हीही पांघरूण घ्या, आणि सावकाश, पोटभर श्वास घेत निजा बघू.